जुनी गाडी अनोळखी माणसाला विकताय? पैसे कसे घ्यायचे ते आधी वाचा

आमचं गाडी ट्रान्सफरच्या कामांचं छोटं ऑफिस आहे, दिवसभर २९-३० चे (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) फॉर्म भरायचे आणि पुण्यातल्या संगम पुलाजवळच्या आरटीओत खेपा घालायच्या. येणारे लोक कागदांचं सगळं विचारतात, पीयूसी संपलीये चालेल का, चलन बाकी आहे त्याचं काय, आणि पैशाचं विचारलं की "ते आमचं आम्ही बघतो" म्हणून मोकळे होतात. घोळ मात्र नेमका तिथेच होतो. म्हणून हे पत्रक काढलंय. मेव्हण्याला नाहीतर सोसायटीतल्या कुणाला विकत असाल तर बाजूला ठेवा, वाचलंत तरी बिघडत नाही.

क्रम लक्षात ठेवा. पैसे आपल्या खात्यात आपण स्वतः बघायचे, मग फॉर्मवर सही, मग आरसी आणि किल्ली. समोरचा माणूस कितीही सभ्य वाटला, गाडीत बायको-पोरं बसवून आणली असली तरी क्रम तोच. ट्रान्सफरचा अर्ज ऑनलाईन भरताना तुमच्या मोबाईलवर जो ओटीपी येतो तोही सहीत धरा, "प्रोसेस चालू करून ठेवतो, ओटीपी सांगा" असं कुणी फोनवर म्हणालं तर पैसे आल्यावर बघू म्हणायचं.

सगळ्यात बरं काय, तर बँकेतून थेट ट्रान्सफर. दोन लाख किंवा वर असेल तर आरटीजीएस, त्याच्या खाली आयएमपीएस (ते पाच लाखांपर्यंत चालतं, बँकेची स्वतःची लिमिट कमी असू शकते). आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे त्यामुळे रविवार आहे, दुसरा शनिवार आहे ही सबब आता चालत नाही. एनईएफटी पण चालेल, फक्त ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जातं म्हणून थोडं थांबावं लागतं, तेवढा वेळ चहा पाजा पण किल्ली देऊ नका. यूपीआय टू-व्हीलरला ठीक आहे, कारण दिवसाला साधारण लाखाची मर्यादा असते. आणि एक गोष्ट आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की तुमचं खातं बेनिफिशियरी म्हणून आधीच ॲड कर, कारण नवीन खातं ॲड केल्यावर पहिल्या दिवशी बऱ्याच बँका मोठी रक्कम जाऊ देत नाहीत आणि मग ऐन वेळी "लिमिट आलीये, अर्धे आत्ता घ्या, अर्धे उद्या टाकतो" सुरू होतं. तो खोटं बोलत असेलच असं नाही, पण गाडी तरी उद्याच द्यायची.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. हिरवी टिक, टिंग असा आवाज, यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा नंबर), सगळं खोटं बनवता येतं, त्यासाठी नकली ॲपच मिळतात. मेसेजचंही तसंच. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांवरून येतो, साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून "युअर अकाउंट इज क्रेडिटेड" आलं तर ते कुणीतरी हाताने टाईप केलेलं असतं. खात्री करायची तर मेसेजमधली लिंक न दाबता आपलं बँकेचं ॲप आपण उघडायचं, स्टेटमेंटमध्ये एंट्री बघायची, रक्कम बघायची आणि पाठवणाऱ्याचं नाव बघायचं. ॲप वापरत नसाल तर व्यवहारच तुमच्या शाखेत बसून करा, पासबुकात एंट्री मारून घ्या. खरं तर ॲप असलं तरी मोठ्या रकमेला शाखाच बरी, भर दुपारी, चार लोकांत आणि कॅमेऱ्यासमोर.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील, एक रुपया टाकून बघतो मग पिन टाका, असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा. यातले बरेच जण मी आर्मीत आहे, पोस्टिंग आलीये, गाडी न बघताच घेतो असं सांगतात आणि वर्दीतल्या फोटोचं आयकार्ड पाठवतात. गाडी न बघता, किंमत न पाडता घेणारा माणूस पुण्यात बघितलाय का कुणी?

आता जास्त महत्त्वाचं. पैसे आले, खरे आले, पण कुणाच्या खात्यातून आले? गाडी ज्याच्या नावावर होणार त्याच्याच खात्यातून यायला हवेत. "मित्राच्या खात्यातून टाकतो, माझं ॲप चालत नाही" हे गोड नकारानेच संपवायचं. कारण ते पैसे कुणाला तरी फसवून आलेले असतील तर तो माणूस तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खात्यावर होल्ड टाकते. गाडीही गेली, पैसेही अडकले, वर ईएमआय बाउन्स. म्हणून त्याचं आधार-पॅन बघून नाव जुळवा. अपवाद एकच, तो लोन काढून घेत असेल तर पैसे फायनान्स कंपनीकडून येतात, तेव्हा सँक्शन लेटरवर (कर्ज मंजुरीच्या पत्रावर) तुमच्या गाडीचा नंबर आणि रक्कम बघा आणि पैसे जमा होईपर्यंत थांबा, सँक्शन झालं म्हणजे मिळाले असं नाही. चुकून जास्त आले, वरचे परत टाका असा फोन आला तर स्वतः काही पाठवू नका, बँकेला कळवा.

आणखी एक प्रकार चांगला शिकलेल्या लोकांनाही कळत नाही. समजा तुम्ही कोथरूडमधून स्विफ्ट साडेचार लाखाला लावलीत. एकाचा फोन येतो, किंमत मान्य, गाडी बघायला माझा भाचा येईल, फक्त त्याच्यासमोर किमतीचं काढू नका, आमचा आपसातला हिशोब आहे. याच माणसाने तुमचेच फोटो वापरून तीच गाडी तीन लाखाला लावलेली असते आणि हडपसरच्या कुणालातरी सांगितलेलं असतं, की गाडी माझ्या भावाकडे आहे, बघून घ्या, पैशाचं माझ्याशी बोला. तो येतो, गाडी बघतो, खरी गाडी खरे कागद, पैसे मात्र त्या तिसऱ्याला जातात. मग पार्किंगमध्ये तुम्ही दोघं भांडता, तो म्हणतो पैसे दिले गाडी द्या, तुम्ही म्हणता मला काही आलं नाही, आणि तिसऱ्याचा फोन बंद. तेव्हा दारात आलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न, तुम्ही कितीला घेताय आणि पैसे कुणाला देताय. किमतीचं बोलू नका असं जो म्हणतो त्याच्याशी तर मुद्दाम बोला.

कॅशचं थोडक्यात. दोन लाख किंवा जास्त कॅश घ्यायचीच नाही, इन्कम टॅक्सचा नियम आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा. तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात. कमी असेल तर बँकेच्या काउंटरवर खरेदीदारासमोरच भरा, मोजणीही होते आणि खोट्या नोटाही तिथेच निघतात.

चेक नकोच. बाउन्स झाला तर कलम १३८ आहे, ३० दिवसांत नोटीस वगैरे सगळं आहे, पण तोवर गाडी कुठल्या जिल्ह्यात गेली कोण बघणार. डीडीवर लोकांचा फार विश्वास, पण डीडीही खोटा येतो, तेव्हा तो खात्यात वटेपर्यंत किंवा ज्या शाखेने काढला तिथून खात्री होईपर्यंत गाडी दारातच. शाखेचा नंबर स्वतः शोधा, त्याने दिलेला नको.

टोकन घेतलंत तर पावती द्या, उरलेले कधी देणार आणि सौदा मोडला तर टोकनचं काय हे त्यात लिहा. तुमच्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून फोरक्लोजरची (कर्ज आजच मिटवायला लागणारी) रक्कम लेखी आणा, तेवढे त्याने थेट लोन खात्यात भरावेत आणि बाकीचे तुम्हाला, मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा).

पैसे आले की डिलिव्हरी नोट करा. त्यात तारीखच नाही तर वेळही घाला, सव्वाचार म्हणजे सव्वाचार, कारण पाच वाजता त्याने सिग्नल तोडला तर चलन तुमच्या नावावर येणार. किलोमीटर, यूटीआर नंबर, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची झेरॉक्स. फास्टॅग बंद करा. आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून निवांत बसू नका, गाडी विकल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं (महाराष्ट्राबाहेर गेली तर ४५). सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये सांगितलंय, की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, ॲक्सिडेंट झाला तर भरपाईही त्याच्याच गळ्यात. एमएच १४ ची गाडी असेल तर काम पिंपरी-चिंचवडच्या आरटीओचं, तेही आम्ही करतो.

फसलातच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन करा, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत होल्ड लागला तर वाचायची आशा असते, त्यामुळे दोन दिवस घरात चर्चा करत बसू नका.

आमच्याकडे येताना आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचं आधार-पॅन, पासपोर्ट साईज फोटो आणि आरसीला जोडलेला नंबर ज्यात आहे तो मोबाईल घेऊन या. खरेदीदाराला सोबत आणलंत तर पैशांचं ट्रान्सफर आमच्या टेबलावर बसूनच करून घ्या, एंट्री दिसली की मगच फॉर्म पुढे सरकवतो.