कॅलिफोर्नियात ‘१०९९’वर राबवून घेतल्यास थकीत वेतनाचा दावा कसा दाखल करावा

कामावर घेताना ‘तुम्ही आमचे कर्मचारी नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहात’ असे लिहून घ्यायचे, वर्षअखेरीस ‘१०९९’ फॉर्म (कर्मचारी नसलेल्यांना दिलेल्या मोबदल्याचा कर-फॉर्म) हातात ठेवायचा आणि त्या आधारावर किमान वेतन, ओव्हरटाइम व जेवणाची सुट्टी नाकारायची, या प्रकाराला कॅलिफोर्नियाचा कायदा मान्यता देत नाही. करारावर तुमची सही असली तरी काम प्रत्यक्षात कसे चालते यावरच तुमचा दर्जा ठरतो. तेथे नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण सही केल्यामुळे आपला हक्क संपला, असे समजून अनेक जण दावाच करत नाहीत.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१८ रोजी ‘डायनॅमेक्स’ खटल्यात घालून दिलेली ‘एबीसी’ कसोटी १ जानेवारी २०२० पासून ‘एबी ५’ कायद्याने लागू आहे. काम करणारी व्यक्ती कामाच्या बाबतीत मालकाच्या नियंत्रणाखाली नाही, तिचे काम मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे आहे आणि त्याच प्रकारचा तिचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे, या तिन्ही गोष्टी मालकाने सिद्ध करायच्या असतात. एक जरी सिद्ध झाली नाही, तरी ती व्यक्ती कर्मचारी ठरते. दुकानातील गळका नळ दुरुस्त करायला बोलावलेला प्लंबर दुकानाचा कर्मचारी नव्हे, परंतु कपडे तयार करणाऱ्या कंपनीसाठी घरी बसून शिवणारी शिंपीण दुसऱ्या अटीवरच कर्मचारी ठरू शकते, ही उदाहरणे न्यायालयानेच दिलेली आहेत. डॉक्टर, वकील अशा काही व्यवसायांना जुनी ‘बोरेलो’ कसोटी (मुख्यतः कामावर नियंत्रण कोणाचे, हे अनेक मुद्द्यांवरून पाहणारी) लागते, तर ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी व डिलिव्हरी चालकांसाठी ‘प्रपोझिशन २२’ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याची वेगळी तरतूद आहे.

दावा लेबर कमिशनरच्या (राज्याच्या कामगार आयुक्तांच्या) कार्यालयात ‘फॉर्म १’ भरून ऑनलाइन, टपालाने किंवा समक्ष दाखल करता येतो. शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि व्हिसाची स्थिती विचारली जात नाही. किमान वेतन व ओव्हरटाइमसाठी मुदत ३ वर्षे, तोंडी ठरलेल्या मोबदल्यासाठी २ वर्षे आणि लेखी करारासाठी ४ वर्षे आहे.

सोबत करार, ‘१०९९’ फॉर्म, मिळालेल्या चेकच्या प्रती, बँकेची विवरणे आणि कामाच्या वेळा ठरवणारे मेसेज जोडावेत. या सर्वांत मोलाची म्हणजे रोजची नोंदवही: तारीख, कामावर आल्याची वेळ, जेवणाची सुट्टी मिळाली की नाही, सुटल्याची वेळ आणि त्या दिवशी सूचना कोणी दिल्या. मालकाने वेळेची नोंद ठेवली नसेल, तर तुमची नोंद आणि साक्ष यांनाच वजन येते. ही वही आजपासूनच सुरू करावी.

यानंतर बहुधा तडजोडीची बैठक होते; ती फसल्यास सुनावणीत शपथेवर साक्ष घेतली जाते. दुभाषा मोफत मिळतो, मात्र तो आधी मागावा. निर्णय मान्य नसल्यास तो बजावल्यापासून १० दिवसांत, टपालाने आल्यास १५ दिवसांत, सुपिरिअर कोर्टात (काउंटीच्या न्यायालयात) अपील करता येते. मालकाला अपील करायचे असल्यास आदेशातील रकमेएवढी हमी आधी भरावी लागते. दावा केला म्हणून कामावरून काढल्यास किंवा तास कमी केल्यास सूडाच्या कारवाईची वेगळी तक्रार १ वर्षाच्या आत करावी.