होंगत्सुन, शीदी, वूयुआन: चीनमधली जुनी गावं कोणत्या ऋतूत पाहावीत?

ह्वांगशान पर्वताच्या परिसरातली ही गावं घाईघाईत, अर्ध्या दिवसात उरकण्यासारखी नाहीत. आमच्या ग्राहकांना आम्ही दोनच गोष्टी आग्रहाने सांगतो. तारखेआधी ऋतू ठरवा आणि किमान एक रात्र गावातच मुक्काम करा. दुपारच्या गर्दीत फक्त फोटो मिळतात, गाव दिसतं ते पहाटे.

आनह्वेइ प्रांतातली शीदी आणि होंगत्सुन ही गावं 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ती उभी राहिली ह्वेइचौच्या, म्हणजे याच जुन्या परगण्याच्या, व्यापाऱ्यांच्या पैशावर. डोंगराळ भाग, शेतजमीन थोडी, म्हणून इथली मुलं मिसरूड फुटायच्या आधीच मीठ नि चहाच्या व्यापारासाठी बाहेर पडत. कमाई मात्र गावाकडे येई: घरांत, कुळाच्या पूर्वज-मंदिरांत, लाकडावरच्या कोरीवकामात. शीदीच्या वेशीवरची दगडी कमान 1578 सालची आहे.

घरांच्या बाहेरच्या भिंती उंच, पांढऱ्या, खिडक्या अगदी मोजक्या. दोन घरांमधल्या भिंती छपराच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात, म्हणजे शेजारी आग लागली तरी ती इकडे पसरू नये. आत गेलात की आपल्या वाड्यातल्या चौकासारखी उघडी जागा लागते. चारी बाजूंची छपरं आतल्या बाजूला उतरती असल्यामुळे पावसाचं पाणी चौकातच पडतं. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती घराबाहेर वाहून जाऊ नये, ही व्यापाऱ्यांची श्रद्धा. म्हणूनच जूनमधला रिपरिप पाऊस आम्ही टाळायला सांगत नाही. त्या दिवसांत चौकाच्या कडेला बसून चारही बाजूंनी पडणाऱ्या पागोळ्या पाहा. घर असं का बांधलं, हे गाईडने सांगायची गरज उरत नाही.

होंगत्सुनमध्ये ओढ्याचं पाणी पाटांनी दारोदार फिरवलेलं आहे. ते मधल्या अर्धचंद्राकृती तळ्यात येतं आणि पुढे दक्षिणेच्या तलावात जातं. गावाचा आराखडा बैलाचा आहे असं गावकरी सांगतात: डोंगर म्हणजे डोकं, पाट म्हणजे आतडी, तळं म्हणजे पोट. सकाळी आधी पिण्याचं पाणी भरायचं, धुणीभांडी नंतर, असा जुना दंडकही ते सांगतात. जुलैत तलावात कमळं फुलतात, पण उकाडा भरपूर असतो.

मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत शेजारच्या च्यांगशी प्रांतातल्या वूयुआन तालुक्याकडे जा. तिथली डोंगरउतारावरची शेतं मोहरीच्या जातीच्या फुलांनी पिवळी होतात. याच वूयुआनमधलं ह्वांगलिंग हे गाव मात्र शरद ऋतूत पाहायचं. उतारावर अंगण नसल्याने माडीच्या खिडकीतून बांबू बाहेर काढून त्यांवर वेताची मोठी ताटं ठेवतात आणि त्यांत मिरच्या, मका, शेवंती, भोपळ्याच्या चकत्या वाळत घालतात. आज यातलं बरंचसं पर्यटकांसाठी मांडलेलं असतं, आणि बहुतेक जुनी कुटुंबं खाली नव्या घरांत राहायला गेली आहेत. हे जाण्याआधी माहीत असलेलं बरं. तरी पद्धत खरी आहे आणि पाहण्याजोगी आहे.

आमची स्वतःची पसंती नोव्हेंबरच्या उत्तरार्धाला. होंगत्सुनजवळच्या ताचुआनमध्ये तेव्हा झाडं लालभडक होतात आणि पहाटे धुकं असतं. हिवाळ्यात थंडी बोचरी, बर्फाची खात्री नाही, पण चिनी नववर्षाआधी वळचणीखाली खारवलेलं मांस वाळताना दिसतं.

1 मे आणि 1 ऑक्टोबरच्या सुट्ट्यांचे आठवडे मात्र टाळाच. गल्ल्या अरुंद आहेत, उभं राहायलाही जागा मिळत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: इथल्या स्वयंपाकात डुकराची चरबी सर्रास वापरतात, साध्या पालेभाजीतसुद्धा. नोंदणी करतानाच सांगा, म्हणजे मुक्कामाच्या घरी वनस्पती तेलातला स्वयंपाक आधी ठरवता येतो. फरशा दगडी आणि पावसात निसरड्या होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट आणा. व्हिसाची कागदपत्रं वेळेत आमच्याकडे द्या.