सिल्व्हराडोचे मूळ रॉकर आर्म खरंच कमकुवत असतात का?

शेव्हरोले सिल्व्हराडो या पिकअप ट्रकच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) बदलला की मूळ रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या छोट्या तरफा) फेकून ॲल्युमिनियमचे, टोकाला चाक असलेले रोलर रॉकर घाला, असा सल्ला अमेरिकेत वर्षानुवर्षे दिला जातो. रोजच्या वापरातल्या ट्रकसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा आहे.

१९९९ पासूनच्या या जनरेशन ३ आणि ४ इंजिनांचे मूळ रॉकर ओतीव पोलादाचे, हलके आणि भक्कम आहेत. खरी दुखरी जागा मधल्या आसात, म्हणजे ट्रनियनमध्ये आहे. तिथल्या सुईबेअरिंगला सुया जागेवर धरणारा पिंजरा नसतो. जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम आणि व्हॉल्व्हची कडक स्प्रिंग बसवल्यावर सुया सुटून इंजिनात पडू शकतात. म्हणून ब्राँझ बुश (सुयांऐवजी बसणारी नळी) किंवा बंदिस्त बेअरिंगचा ट्रनियन किट घाला. मूळ रॉकर तसेच राहू द्या. याउलट रोलर टोकाचं वजन नेमकं व्हॉल्व्हच्या बाजूला वाढतं आणि जास्त आरपीएमला स्प्रिंगवर ताण येतो.

रॉकरचं गुणोत्तर, म्हणजे तो कॅमची हालचाल किती पट वाढवतो ते, १.७ वरून १.८ केलं तर लिफ्ट जेमतेम ६ टक्के वाढते. तेवढ्यासाठीसुद्धा स्प्रिंगची मर्यादा आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर तपासावंच लागतं, आणि हे टाळू नका, कारण व्हॉल्व्ह पिस्टनला लागला तर इंजिनच जातं.