पुरवणीची पाने कुठे गेली? लोकविद्येच्या नियतकालिकाच्या दप्तराची पार्श्वभूमी

लोकविद्येच्या कोणत्याही अभ्यास-नियतकालिकाच्या दप्तरात तीन थर असतात. छापील अंक हा पहिला. दुसऱ्यात संपादकीय कागद येतात: पत्रव्यवहार, आलेली हस्तलिखिते, दुरुस्त केलेली प्रुफे. तिसरा थर मूळ टिपणांचा, म्हणजे गावोगावच्या माणसांनी लिहून पाठवलेल्या मजकुराचा. टिकण्याचा क्रमही साधारण हाच. छापून झाले की मूळ कागद रद्दीत, ही छापखान्याची जुनी रीत आणि संपादकांचीही.

'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक 1872 साली मुंबईत सुरू झाले. आधी भायखळ्याच्या आणि पुढे माझगावच्या छापखान्यात छापले जाऊन ते 1933 पर्यंत 62 खंड चालले. ते निव्वळ लोकविद्येचे नव्हते. शिलालेख, ताम्रपट, नाणी यांच्या गर्दीत कहाण्या, म्हणी, देवस्थानांच्या आख्यायिका येत. 1886 मध्ये मुंबईतच मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांची मंडळी उभी राहिली आणि त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले. हा सगळा काळ इथे एका परिच्छेदात उरकतो आहे, कारण पुरवणीच्या पानांचा माग लागत नाही या आजच्या घोळाची मुळे 1911 नंतरच्या काही वर्षांत आहेत.

नाशिकच्या ज्या कलेक्टरांची 1909 मध्ये नाट्यगृहात हत्या झाली, त्यांनी इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती प्रश्नावलीवर मागवली होती. उत्तरांचा हा ढीग त्यांच्या पश्चात दुसऱ्या एका सनदी अधिकाऱ्याकडे गेला आणि 'इंडियन अँटिक्वेरी'ची पुरवणी म्हणून हप्त्याहप्त्याने छापला गेला. गुजरातचा भाग 1914 साली आणि कोकणचा 1915 साली पुस्तकरूपाने निघाला. कोकणच्या भागात वेताळ, मुंजा, देवचार, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी भुतांची अख्खी वंशावळच आहे. बहुतेक विधानांखाली तळटीप असते: अमुक गावचा शाळामास्तर, जिल्हा रत्नागिरी, कुलाबा किंवा ठाणे. माणसाचे नाव सहसा नाही, फक्त हुद्दा आणि गाव.

इथे पहिली मोडतोड झाली. उत्तरे गावानुसार न ठेवता विषयानुसार लावली गेली. एका मास्तराने पावसाविषयी लिहिलेले एका पानावर गेले, पिशाच्चांविषयीचे साठ-सत्तर पाने पुढे. तळटिपा वेचून गाव पुन्हा जुळवता येते, पण संपादकाने काय गाळले ते त्यातून कळत नाही. वाचायला सोयीची असली तरी दप्तर म्हणून ही मांडणी नुकसानीचीच.

दुसरी मोडतोड बांधणीत झाली आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. ग्रंथालयात वर्षाचे 12 अंक आले की ते बाइंडरकडे जात. तो वरची पातळ रंगीत मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकी, फर्मे (घडी घातलेल्या छापील तावांचे जुडगे) शिवी, कडा कापी आणि पुठ्ठा चढवी. यामागे कारणे होती. खंडाची जाडी कमी होई, खर्च वाचे आणि वाचकाला सलग पृष्ठांक मिळत. जगभर हेच चालत होते, त्यामुळे मुंबईच्या ग्रंथपालांना वेगळा दोष देण्यात अर्थ नाही. पण अंक प्रत्यक्षात कधी बाहेर पडला, लेखकांना काय सूचना होत्या, वाचकांकडे कोणती माहिती मागितली होती, हे छापायची जागा मुखपृष्ठच. ते गेले की खंडाच्या शीर्षकपानावरचे वर्ष तेवढे हाती राहते, आणि उशिरा निघालेल्या अंकाची तारीख त्यात बुडते.

पुरवणीचा गुंता याहून वाईट. तिचे पृष्ठांक स्वतंत्र आणि ती एका वर्षात संपणारी नव्हती. बाइंडरपुढे तीन वाटा होत्या: ज्या अंकासोबत आली तिथेच शिवायची, खंडाच्या शेवटी एकत्र लावायची, किंवा बाजूला काढून पूर्ण झाल्यावर वेगळे पुस्तक बांधायचे. तिसरी वाट दिसायला शहाणपणाची, पण वेगळे काढलेले गठ्ठे बांधणीआधीच गहाळ होण्याचा धोका तिच्यात सर्वांत जास्त. परिणाम असा की लोकसमजुतींच्या त्याच पानाचा हवाला कोणी 1911 चा देतो, कोणी 1914 चा, आणि दोघेही आपापल्या प्रतीपुरते बरोबर असतात.

नंतरची संकटे कागदाची. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो. पानाचा कोपरा दोनदा दुमडून पाहा. तुटला, तर ते पान सपाट स्कॅनरवर दाबायचे नाही. पावसाळ्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला 65 पुरते. एकेकाळी सर्रास केलेले अ‍ॅसिटेट लॅमिनेशन (कागदावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवणे) आता अंगाशी आले आहे. आतले आम्ल तसेच राहते, वरचा पापुद्रा सुरकुततो आणि व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. तो काढायला अ‍ॅसिटोन लागते आणि काही शाया त्यात विरघळतात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावर कागद ठेवणाऱ्यांसाठी तेव्हापासून खालचा कप्पा रिकामा सोडणे हा नियम व्हायला हवा होता. भिजलेल्या खंडासाठी हातात 48 तास असतात. उन्हात ठेवायचे नाही. दर दहा-पंधरा पानांआड टिपकागद घालायचा, पंखा लावायचा आणि टिपकागद बदलत राहायचे. चकचकीत कागदावरच्या चित्रांच्या प्लेटा ओल्या असतानाच सोडवाव्या लागतात. वाळल्या की त्यांची वीट होते. संख्या जास्त असेल तर खंड गुंडाळून उणे 20 अंशांवर गोठवायचे आणि मग सवडीने सुकवायचे.

स्कॅनिंगने नवे गोंधळ आणले. निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत फाइल हलकी होते, पण समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी आणि अक्षरांखालचे बारीक टिंब उडतात. रंगीत, 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके) ही किमान अट धरावी. दोन स्तंभांच्या जुन्या पानांवर ओसीआर (प्रतिमेतली अक्षरे ओळखणारी संगणक प्रणाली) आडवे वाचत जाते आणि दोन वेगळ्या लेखांची खिचडी करते. रोमन लिपीतल्या स्वरांवरच्या आडव्या रेघाही त्याला झेपत नाहीत, म्हणून वेताळ शोधायचा तर तीन-चार वर्णलेखनांनी शोधावा लागतो. मोडीतल्या नोंदी तर कोऱ्या पानासारख्याच पुढे सरकतात.

सूची करताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे खंडाला एकच नोंद देणे. पुरवणीला स्वतंत्र नोंद हवी. ती कोणत्या खंडात, कोणत्या पानानंतर शिवलेली सापडली आणि तिचे पहिले व शेवटचे पृष्ठांक कोणते, हे त्या नोंदीत यावे. मुखपृष्ठे असली तर किती आणि कोणत्या महिन्यांची, तेही लिहावे. आणि कणा कापून पाने सुटी करण्याआधी एकदा शिवण मोजावी. फर्मा कुठे तुटतो ते तिथे दिसते. कापल्यावर तो पुरावा बाइंडरच्या कात्रणांबरोबर जातो.