पाळण्यासारखा डुलणारा ट्रॉलर

३१ जुलैला मासेमारीबंदी उठते आणि गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर एकच धांदल उडते. गेल्या ऑगस्टात तिथल्या एका खलाशाने मला आपला ट्रॉलर कौतुकाने दाखवला. "बघा कसा पाळण्यासारखा डुलतो, धक्का म्हणून नाही!" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. संथ डुलणारी बोट पक्की, हा समज जिवावर बेतू शकतो.

बोट कलली की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, म्हणून बोटीला वर ढकलणाऱ्या पाण्याच्या रेट्याचं केंद्रही तिकडे सरकतं. तिथून सरळ वर रेघ ओढा. बोटीच्या मध्यरेषेला ती जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. हे नाव पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली रूढ केलं. बोटीच्या वजनाचा मध्यबिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य, या बिंदूच्या जितका खाली, तितका बोटीला सरळ करणारा जोर मोठा. जोर मोठा असला की बोट झटक्यात परत येते, कमी असला की रेंगाळत येते.

गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांच्यातलं हे अंतर घड्याळाने मोजता येतं, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते गणित. दोलनकालाच्या, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणाऱ्या वेळाच्या, सूत्रात वर २π आणि खाली g चं, म्हणजे गुरुत्वत्वरणाचं, वर्गमूळ असतं. π म्हणजे ३.१४, ९.८१ चं वर्गमूळ ३.१३! दोन्ही जवळपास उडून जातात, उरतात फक्त २. बोटीची घूर्णनत्रिज्या, म्हणजे तिचं वजन मध्यापासून किती दूर पसरलंय त्याचं माप, रुंदीच्या साधारण ०.४ पट धरतात. म्हणून मीटरमधल्या रुंदीला ०.८ ने गुणा, सेकंदांतल्या दोलनकालाने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा. झालं अंतर, मीटरमध्ये. बोटीच्या घडणीनुसार ०.८ थोडा बदलतो, तेव्हा हा अंदाजच.

१६२८ साली स्टॉकहोममध्ये 'वासा' या युद्धनौकेवर तोल तपासायला ३० माणसांना या काठावरून त्या काठावर पळवलं होतं. तीन फेऱ्यांतच ती इतकी हलली की चाचणी थांबवावी लागली. तरी ती सोडली, आणि पहिल्याच सफरीत बुडाली. नाळेवर लिंबू-मिरची बांधून बोट उलटायची टळत नाही. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

आम्ही ट्रॉलरचे दोर सैल सोडले. पाच जण तालात इकडून तिकडे झुकले आणि मग मधोमध थांबले. उजवीकडून डावीकडे आणि परत उजवीकडे, हा एक हेलकावा. असे पाच मोजले, तेही तीनदा. रुंदी ५ मीटर, एका हेलकाव्याला ८ सेकंद. अंतर ०.२५ मीटर! एका डेकच्या मासेमारी बोटीसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस किमान ०.३५ ची आहे.

केबिनच्या छतावर जाळ्यांचा ढीग होता, डेकवर बर्फाचे क्रेट. सगळं खणात उतरवून पुन्हा मोजलं. साडेसहा सेकंद, म्हणजे ०.३८.