377 गेले, 46 राहिले : लष्करातील समलिंगी संबंधांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधले, संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम 377 खालचा गुन्हा राहिले नाहीत. छावणीच्या फाटकाआड मात्र या निकालाने खटल्याची एकच वाट बंद झाली. लष्कर कायदा, 1950 च्या कलम 69 नुसार देशाच्या फौजदारी कायद्यातला गुन्हा कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, चालवता येतो आणि 377 चा आरोप याच कलमाखाली ठेवला जाई. लष्कराच्या स्वतःच्या तरतुदी होत्या तशाच राहिल्या, कारण त्यांना त्या खटल्यात आव्हानच दिलेले नव्हते.

या तरतुदी तीन. कलम 45 अधिकारी आणि जेसीओंच्या (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्यामधले हुद्दे) 'पदाला न शोभणाऱ्या' वर्तनासाठी आहे. कलम 63 मध्ये शिस्तीला बाधक असे, इतरत्र न बसणारे जवळजवळ सगळेच येते. तिसरे कलम 46(अ) : क्रूर, अश्लील किंवा 'अनैसर्गिक' स्वरूपाचे लज्जास्पद वर्तन. यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हवाई दलाच्या 1950 च्या कायद्यातही हीच शब्दरचना आहे.

चर्चा बहुधा अधिकाऱ्यांची होते, पण 46(अ) ची खरी झळ जवानाला बसते. शिपाई, नाईक, हवालदार यांच्यावर समरी कोर्ट मार्शल चालवता येते. त्यात युनिटचा कमांडिंग ऑफिसर (सीओ) एकटाच न्यायालय असतो. आणखी दोन अधिकारी किंवा जेसीओ हजर असतात, पण त्यांना शपथ नसते आणि मतही नसते. आरोपीच्या बाजूने वकील उभा राहत नाही, फक्त 'आरोपीचा मित्र' म्हणून कोणी सोबत बसतो. लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा सीओ एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी देऊ शकतो. इथे एक बारकावा कायम निसटतो. कलम 120(2) प्रमाणे, तातडीचे गंभीर कारण नसेल तर कलम 69 खालचा आरोप वरिष्ठांकडे विचारणा केल्याशिवाय अशा न्यायालयात चालवता येत नाही. 46 वर ते बंधन नाही. म्हणजे 377 गेल्यावर जी वाट उरली, ती आधीच्या वाटेपेक्षा कमी तपासणीची आहे. बडतर्फ झालेल्याची आधीची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी सहसा बाद होते. पंधरा वर्षांच्या पेन्शनपात्र सेवेला एखादे वर्ष उरलेल्या हवालदाराच्या घरात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

अधिकाऱ्याच्या बाबतीत बऱ्याचदा खटल्यापर्यंत जायची गरजच पडत नाही. कोर्ट मार्शल चालवणे गैरसोयीचे किंवा अव्यवहार्य वाटले, तर कलम 19 आणि लष्कर नियम 14 खाली कारणे दाखवा नोटीस देऊन सेवा संपवता येते. अशा प्रकरणात साक्षीदारांची उलटतपासणी होत नाही, कागदावरच निर्णय होतो.

निकालानंतर चार महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, तत्कालीन लष्करप्रमुखांनी वार्षिक पत्रकार परिषदेत सांगितले की समलिंगी संबंध लष्करात चालणार नाहीत आणि अशी प्रकरणे लष्कर कायद्याखालीच हाताळली जातील. या भूमिकेमागे संविधानाचा अनुच्छेद 33 आहे. सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे, हे संसद कायद्याने ठरवू शकते. पण संसदेने तसे ठरवले तेव्हा नेमके काय ठरवले? लष्कर कायद्याच्या कलम 21 मध्ये संघटना, राजकीय सभा आणि वृत्तपत्रांशी संपर्क या गोष्टींवर निर्बंध आहेत. खासगी आयुष्य किंवा लैंगिक कल यांचा तिथे उल्लेखही नाही. अनुच्छेद 33 म्हणजे सगळ्या हक्कांवरची सरसकट कुलूपबंदी नव्हे, हा आक्षेप त्यामुळेच वजनदार आहे.

तरीही वारे दुसऱ्या दिशेने वाहिले. व्यभिचाराचा गुन्हाही सप्टेंबर 2018 मध्येच रद्द झाला होता. त्यावर केंद्राने स्पष्टीकरण मागितले आणि 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की त्या निकालाचा सैन्यदलांच्या कायद्यांशी संबंध नव्हता. हा आदेश व्यभिचारापुरता आहे, पण तोच युक्तिवाद 377 च्या निकालालाही लावता येतो, हे दोन्ही बाजू जाणून आहेत. त्याआधी, 2022 च्या सुरुवातीला, एका समलिंगी सैनिकाची कथा असलेल्या चित्रपटाला संरक्षण मंत्रालयाने ना-हरकत प्रमाणपत्र नाकारल्याचे समोर आले होते.

'अनैसर्गिक' हा शब्द आपला नाही. ब्रिटनच्या 1881 च्या लष्कर कायद्यात तो जवळपास याच वाक्यात आहे. तिथे 1967 मध्ये सामान्य नागरिकांना मोकळीक मिळाली तेव्हा सैन्यदले वगळली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1999 मध्ये ब्रिटन सरकारविरुद्ध निकाल दिला आणि 12 जानेवारी 2000 पासून तिथली बंदी उठली. 2006 च्या नव्या कायद्यात 'क्रूर किंवा अश्लील' एवढेच ठेवले, 'अनैसर्गिक' काढून टाकले. 2023 मध्ये पंतप्रधानांनी जुन्या बंदीबद्दल माफीही मागितली.

स्त्रियांचा प्रश्न या सगळ्यात झाकला जातो. 377 मध्ये शारीरिक प्रवेश ही अट असल्याने दोन स्त्रियांच्या संबंधांना ते क्वचितच लागू झाले असते. 46(अ) ला अशी अट नाही. कायद्याखाली येणारी कोणतीही व्यक्ती त्यात बसते. वैद्यकीय आणि परिचर्या शाखांबाहेर स्त्रिया अधिकारी म्हणून 1992 पासून आहेत आणि आता लष्करी पोलिसांत जवान म्हणूनही आहेत, तेव्हा हे केवळ कागदी अंतर राहिलेले नाही.

1 जुलै 2024 पासून गुंता आणखी वाढला. त्या दिवशी दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 377 ला पर्यायी कलमच नाही, त्यामुळे पुरुषावर बळजबरीने केलेल्या लैंगिक अत्याचारासाठी कलम 69 मधून आणता येईल असा तेवढा गंभीर गुन्हा उरलेला नाही. हाताखालच्या जवानावर वरिष्ठाने अत्याचार केला, तर आरोप मुख्यतः 46(अ) खालीच ठेवावा लागतो, म्हणजे संमतीने एकत्र आलेल्या दोन जवानांवर लागणाऱ्या त्याच ओळीखाली. कलम नुसते काढून टाका म्हणणाऱ्यांनी आधी पीडित जवानासाठी बळजबरीचा वेगळा, स्पष्ट गुन्हा मागायला हवा. आणि कलम आहे तसेच हवे म्हणणाऱ्यांनी सांगायला हवे की त्यात संमतीचा उल्लेख का नाही.