सिंडिकेशन (टीव्ही मालिका)

मालिका मूळ चॅनलवर दाखवून झाली की तिचे हक्क लोकल टीव्ही स्टेशनं, केबल चॅनल आणि आता स्ट्रीमिंगवाल्यांना विकतात, त्याला सिंडिकेशन म्हणतात. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. आपल्याकडे दूरदर्शनने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'रामायण' परत लावलं, पण ते मूळ चॅनलवरच झालेलं पुनःप्रक्षेपण.

याचा पाया घातला 'आय लव्ह लुसी' या अमेरिकन विनोदी मालिकेने (१९५१). तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह व्हायचे आणि लांबच्या शहरांत टीव्हीच्या पडद्यावरून शूट केलेली धूसर कॉपी जायची. मालिकेतले मुख्य कलाकार, नवरा-बायको लुसील बॉल आणि डेसी आर्नाझ, यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं, मग त्यांनी ३५ एमएम फिल्मवर शूटिंग करायचं ठरवलं, खर्च वाढला म्हणून स्वतःचं मानधन कमी घेतलं आणि बदल्यात मालिकेची मालकी मागून घेतली. फिल्म चांगली टिकली म्हणून पुढे कितीही वेळा दाखवता आली, आणि मालकी हातात होती म्हणून विकताही आली.

स्टेशनं मालिका सोमवार ते शुक्रवार रोज लावतात, म्हणून साधारण १०० एपिसोड लागतात असं मानलं जायचं, १०० झाले की २० आठवडे एकही एपिसोड रिपीट होत नाही. पण हा काही पक्का नियम नाही. 'स्टार ट्रेक' १९६९ मध्ये ७९ एपिसोडवर बंद पडली आणि खरी लोकप्रिय झाली ती सिंडिकेशनमध्येच, इतकी की १९७९ मध्ये तिच्यावर सिनेमा आला.

स्ट्रीमिंगला रोजचा स्लॉट भरायचा नसतो, त्यामुळे तिथं आकड्याची अट उरली नाही, पण कलाकार-लेखकांना रिपीटमागे मिळणारे पैसे कमी झाले, २०२३ च्या हॉलिवूड संपांत हा मोठा मुद्दा होता.

मालिका परत येते तेव्हा जशीच्या तशी येतेच असं नाही, आणि प्रेक्षकाला हे माहीत असायलाच हवं. जास्त जाहिराती बसवायला स्टेशनं सीन कापतात. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही एका रेडिओ स्टेशनात घडणारी टीव्ही मालिका, तिचा जीवच गाण्यांत, पण गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीचे होते, ते संपल्यावर बरीच गाणी काढून तिथं दुसरंच संगीत घातलं. २०२१ मध्ये 'साइनफेल्ड' नेटफ्लिक्सवर आली तेव्हा चौकोनी चित्र रुंद पडद्यावर बसवायला वरून-खालून कापलं, आणि रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या एपिसोडमध्ये एका फ्रेममधून तो खड्डाच गायब झाला.